रोजची कॉफी रक्तातून मोजताना: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आहाराच्या अभ्यासात "दिवसाला किती कप कॉफी घेता?" हा प्रश्न ठरलेला असतो. उत्तर देणारे खोटं बोलत नाहीत, पण कप म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं. कुणाचा कप १५० मिलीचा, कुणाचा मग त्याच्या दुप्पट. कुणी पातळ फिल्टर कॉफी घेतं, कुणी एस्प्रेसोचे दोन घोट. अरेबिकापेक्षा रोबस्टाच्या बियांत कॅफीन साधारण दुप्पट असतं आणि आपल्या कपात कोणतं बी आहे हे पिणाऱ्याला बहुधा माहीतही नसतं. कपांच्या आकड्याशेजारी रक्तातला आकडा ठेवायचा, एवढं या प्रकल्पाचं काम.

गट चार: रोज कॉफी घेणारे, फक्त चहा घेणारे, डीकॅफ (कॅफीन काढलेली कॉफी) घेणारे आणि यातलं काहीच न घेणारे. प्रत्येकाचं रक्त दोनदा घ्यायचं, मध्ये काही आठवडे सोडून. या नोंदी असंच काम हाती घेणाऱ्यांसाठी आहेत. कॉफी चांगली की वाईट याबद्दल यात काही नाही, फक्त मोजणी आहे.

१९ जानेवारी: काय मोजायचं

कॅफीन तर आलंच. पण नुसतं कॅफीन मोजलं तर चहा, कोला, एनर्जी ड्रिंक सगळं त्यात येतं. डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर ६५ मिग्रॅ कॅफीन असतं, ते वेगळंच. शिवाय डीकॅफ पिणारा माणूस कॅफीनच्या आकड्यात दिसतच नाही.

म्हणून यादी अशी केली. कॅफीन आणि त्याचे यकृतात होणारे तीन भाऊबंद: पॅराझँथिन, थिओब्रोमिन, थिओफिलिन. कॅफीनपैकी सुमारे ८० टक्क्यांहून थोडं जास्त पॅराझँथिन होतं, १२ टक्क्यांच्या आसपास थिओब्रोमिन आणि ४ टक्क्यांच्या आसपास थिओफिलिन. कॉफीची स्वतःची खूण म्हणून ट्रायगोनेलिन. कच्च्या बियांत ते वजनाच्या साधारण १ टक्का असतं आणि कॅफीन काढलं तरी बरंचसं मागे राहतं, त्यामुळे डीकॅफही पकडली जाते. आणि भाजणीची खूण म्हणून एन-मिथाइलपिरिडिनियम, पुढे नुसतं एनएमपी लिहिते. बिया भाजताना ट्रायगोनेलिन मोडून ते तयार होतं. कच्च्या बीत ते जवळजवळ नसतं.

क्विनिक आम्ल आणि हिप्पुरिक आम्ल सुरुवातीला यादीत होतं. दोन्ही कॉफी पिणाऱ्यांत वाढतात हे खरं, पण क्विनिक आम्ल फळांतूनही भरपूर येतं, आणि हिप्पुरिक आम्ल फळं, चहा, बेन्झोएट घातलेले टिकाऊ पदार्थ अशा सगळ्यांतून तयार होतं. आमच्याकडे यंत्राचा, म्हणजे वस्तुमानावरून पदार्थ ओळखून मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचा, वेळ मोजका. दोन्ही काढून टाकली. ज्यांच्याकडे एकाच रनमध्ये शेकडो पदार्थ पाहण्याची सोय आहे त्यांनी ती जरूर ठेवावीत.

२ फेब्रुवारी: शेवटचा कप किती वाजता?

हा फॉर्म ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. आधीच्या मसुद्यात फक्त "आज काही खाल्लं-प्यायलं का?" असा प्रश्न होता. रक्त सकाळी उपाशीपोटी घ्यायचं असल्यामुळे सगळ्यांचं उत्तर "नाही" येणार, आणि त्यातून आम्हाला काहीच कळणार नाही.

कॅफीनचा अर्ध-आयुष्यकाल (रक्तातलं निम्मं व्हायला लागणारा वेळ) निरोगी प्रौढात सरासरी ५ तासांचा. सकाळी ८ ला रक्त घेतलं आणि शेवटचा कप आदल्या दुपारी ४ चा असेल तर १६ तास झाले, शिल्लक साधारण ११ टक्के. कप रात्री ९ चा असेल तर ११ तास, शिल्लक २२ टक्के. दोघंही दिवसाला तितकीच कॉफी घेतात, पण रक्तात एकाचं कॅफीन दुसऱ्याच्या दुप्पट.

हे झालं यकृत सारखं चालणाऱ्यांचं. कॅफीन मोडण्याचं काम जवळजवळ सगळं सीवायपी१ए२ हे एकच विकर (एन्झाइम) करतं, आणि त्याचा वेग माणसागणिक खूप बदलतो. सिगारेटच्या धुरातली बहुचक्रीय हायड्रोकार्बनं हे विकर वाढवतात (निकोटिन नव्हे, धूर), आणि अर्ध-आयुष्यकाल निम्म्यावर येतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तो साधारण दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. १२ तासांचा उपास धरून कागदावर आकडे मांडले: नेहमीचा वेग असेल तर १९ टक्के शिल्लक, धूम्रपान करणाऱ्यात ४ टक्के, गोळ्या घेणारीत ४४ टक्के. एकाच वेळी प्यायलेला एकच कप आणि रक्तातला फरक बारापट. हा कागद आम्ही भिंतीवर लावला आहे. कुणी नुसता कॅफीनचा आकडा घेऊन "हा जास्त पितो, ती कमी पिते" म्हणू लागलं की तिकडे बोट दाखवायचं.

फॉर्मवर आता हे आहे: शेवटचा कप किती वाजता, त्याआधीचा किती वाजता, कप केवढा (चित्रातून निवडायचा), कशी केलेली, डीकॅफ की साधी, धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्या, गरोदरपण, चालू औषधं. औषधांत सिप्रोफ्लॉक्सासिन आणि फ्लुवॉक्सामिन ही दोन नावं वेगळी छापली, कारण दोन्ही या विकराला अडवतात. थिओफिलिनचं नावही घातलं, का ते ५ मार्चच्या नोंदीत येईल.

११ फेब्रुवारी: वजन करताना

मानक पदार्थ आले. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो: जड समस्थानिक घातलेलं (यालाच लेबल केलेलं म्हणतात; प्रत्येक नमुन्यात ठरलेलं घालून मोजणी त्याच्याशी ताडतात) कॅफीन, पॅराझँथिन, ट्रायगोनेलिन आणि एनएमपी. काटकसर म्हणून सगळ्यांसाठी एकच लेबल केलेलं कॅफीन वापरायचा विचार होता, तो सोडला. ट्रायगोनेलिन आणि कॅफीन कॉलमवर (ज्या नळीतून जाताना पदार्थ एकमेकांपासून सुटे होतात) वेगवेगळ्या वेळी उतरतात. त्या त्या क्षणी रक्तातला कोणता कचरा सोबत येऊन सिग्नल दाबतो हे वेगळं असतं. एकाच्या मापाने दुसऱ्याची दुरुस्ती होत नाही.

आमच्या नियमाप्रमाणे कॅलिब्रेशनचा स्टॉक एकीने करायचा आणि तपासणीच्या नमुन्यांचा स्टॉक दुसऱ्याने स्वतंत्र वजन करून. दोन्हीत कॅफीन जुळलं. ट्रायगोनेलिन सुमारे सव्वापटीने वेगळं आलं आणि एनएमपी दुपटीहून जास्त. कारण बाटलीवरच्या बारीक अक्षरात होतं. ट्रायगोनेलिन हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून येतं: रेणुभार १७३.६, त्यातलं ट्रायगोनेलिन १३७.१. एनएमपी आयोडाइड म्हणून येतं: क्षाराचा २२१, त्यातल्या आयनाचा ९४. क्षाराचं वजन सरळ पदार्थाचं वजन धरलं तर एनएमपी २.३५ पट जास्त समजलं जातं. दोन स्टॉक वेगळे नसते तर सगळी मोजणी याच चुकीने भरली असती आणि एकमेकांशी जुळलीही असती. म्हणून वेगळा स्टॉक करायचा कंटाळा करू नका.

१७ फेब्रुवारी: कॅफीन नसलेलं रक्त कुठून आणायचं

कॅलिब्रेशनसाठी मोजायचे पदार्थ नसलेला रक्तद्रव लागतो. त्यात माहीत असलेली मात्रा घालून सरळ रेषा काढायची. रक्तपेढीकडून आलेल्या एकत्र केलेल्या रक्तद्रव काही न घालता यंत्रावर चालवला तर कॅफीनचं पीक (आलेखातलं टोक) समोर उभं. दुसरा लॉट मागवला, त्यातही तेच.

यात नवल नाही. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात "शुद्ध" म्हणून मिळणाऱ्या मानवी सीरमचे १८ लॉट तपासले होते आणि अठराही लॉटमध्ये कॅफीन सापडलं. अनेक दात्यांचं रक्त एकत्र केलं की त्यात कॉफी किंवा चहा पिणारं कुणीतरी असणारच.

कोळशाने धुतलेलं सीरम घेतलं. कॅफीन जवळजवळ गेलं, कारण कोळसा ते सहज धरतो. ट्रायगोनेलिन बरंचसं तसंच राहिलं. ते पाण्यात रमणारं, धन आणि ऋण दोन्ही भार अंगावर असणारं, कोळशाला चिकटत नाही.

शेवटी मार्ग असा काढला: फॉस्फेट बफरमध्ये गायीचं अल्ब्युमिन घालून कृत्रिम रक्तद्रव केला आणि कॅलिब्रेशन त्यात. मग खऱ्या रक्तद्रवाच्या काही नमुन्यांत वाढत्या मात्रा घालून तिथल्या रेषेचा उतार कृत्रिमातल्या उताराशी ताडून पाहिला. लेबल केलेल्या मानकाशी गुणोत्तर घेतलं की दोन्ही उतार जुळले. लेबल केलेलं मानक न वापरता जुळले नाहीत, एनएमपीचे तर अजिबात नाहीत. या सगळ्यात बराच वेळ गेला.

२३ फेब्रुवारी

कोऱ्या द्रावकात कॅफीन. द्रावक बदललं, बाटल्या बदलल्या, तरी आहेच. अनेक मास स्पेक्ट्रोमीटरांच्या वस्तुमान-जुळवणीच्या द्रावणात कॅफीन घातलेलं असतं, कॉलम तपासायच्या मिश्रणातही असतं. आमच्या यंत्रावर दर आठवड्याला जुळवणी होते आणि त्यानंतर काही वेळ ते नळीत रेंगाळतं. आता जुळवणीनंतर यंत्राचा स्रोत (जिथे नमुन्याचे आयन होतात) पुसून घेतो, सुई धुण्याच्या द्रावणात आयसोप्रोपॅनॉल वाढवलं आहे आणि पहिली तीन इंजेक्शनं कोरी. नमुने तयार करायच्या खोलीत कॉफी-चहा आणायला बंदी आहे, हातमोजे दाराशीच बदलायचे.

५ मार्च: पॅराझँथिन आणि थिओफिलिन

हा भाग सविस्तर लिहिते, कारण इथे चुकलं तर आकडा चांगला दिसतो पण चुकीचा असतो.

पॅराझँथिन, थिओब्रोमिन आणि थिओफिलिन या तिघांचं सूत्र एकच, वस्तुमान एकच. यंत्रात तिघंही १८१ या वस्तुमानावर दिसतात. रेणू फोडला की थोडा भेद कळतो. थिओब्रोमिनच्या पहिल्या नायट्रोजनवर मिथाइल नाही, म्हणून त्यातून ४३ चा तुकडा जातो आणि १३८ उरतं. पॅराझँथिन आणि थिओफिलिन दोघांच्याही त्या जागी मिथाइल आहे, दोघांतूनही ५७ जातं आणि दोघांचं १२४ उरतं. म्हणजे या दोघांना वेगळं करणं यंत्राच्या हातात नाही, ते कॉलमनेच करायला हवं.

सी-१८ या नेहमीच्या प्रकारच्या कॉलमवर अ‍ॅसिटोनायट्राइल या द्रावकाच्या जलद चढत्या प्रवाहाने (म्हणजे त्याचं प्रमाण झपाट्याने वाढवत) आधी पाहिलं. १२४ च्या आलेखात एकच सुंदर पीक. मापन सॉफ्टवेअरने ते बिनतक्रार मोजलं. मग शुद्ध थिओफिलिन एकटं घातलं तर त्याच वेळी तेच पीक. दोन्ही मिसळून घातली तर पीक थोडं रुंद, उतरत्या बाजूला खांद्यासारखा फुगवटा, इतका हलका की आलेख मोठा करून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

साध्या माणसात याने फारसं बिघडत नाही, कारण कॅफीनपासून थिओफिलिन फारच थोडं होतं. पण थिओफिलिन हे दम्याचं औषधही आहे, आणि औषध म्हणून रक्तात ते लिटरला १० मिग्रॅच्या आसपास ठेवतात. किलोमागे १ मिग्रॅ कॅफीन घेतलं तर रक्तद्रवात कॅफीनचं शिखरच लिटरला साधारण १ ते २ मिग्रॅ असतं. म्हणजे दम्याचं औषध घेणारा, कॉफीला कधी हात न लावणारा माणूस आमच्या यादीत सगळ्यात मोठा कॉफी पिणारा ठरला असता.

दुरुस्ती: अ‍ॅसिटोनायट्राइलऐवजी मिथेनॉल, चढ खूप सावकाश, कॉलमचं तापमान कमी. आधी थिओब्रोमिन, मग पॅराझँथिन, त्याला लागून थिओफिलिन, शेवटी कॅफीन. दोघांमध्ये आता आलेख जवळजवळ तळाला टेकतो. एका नमुन्याला लागणारा वेळ दुपटीहून वाढला आणि यंत्राचं भाडंही त्याच मानाने, पण याला पर्याय सापडला नाही. रोज पहिलं आणि शेवटचं इंजेक्शन या दोघांच्या मिश्रणाचं. ते एकमेकांत मिसळू लागले की कॉलम बदलायचा.

१४ मार्च: ट्रायगोनेलिन कॉलमवर थांबत नाही

त्याच सी-१८ वर ट्रायगोनेलिन क्षारांसोबत थेट बाहेर येतं. तिथे सिग्नल दबलेला असतो, आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय नुसतं १३८ चं वस्तुमान पाहिलं तर तिथे दुसरं पीकही दिसलं, कॅफीनच्या वेळेला. ते कॅफीनच. स्रोतातच फुटून त्याचाही १३८ चा तुकडा होतो. तुकडे पाहून मोजलं (ट्रायगोनेलिनसाठी १३८ वरून ९४ आणि ९२) की हा गोंधळ टळतो.

हिलिक कॉलम (पाण्यात रमणारे पदार्थ धरून ठेवणारा) लावला. पहिल्या दिवशी पीक दुभंगलेलं, जणू दोन पदार्थ. कारण इंजेक्शनच्या द्रावणात पाणी जास्त होतं. हिलिकमध्ये पाणी हेच ताकदवान द्रावक, त्यामुळे अर्धा पदार्थ कॉलमवर न थांबता वाहून जातो. प्रथिनं काढण्यासाठी आम्ही रक्तद्रवात चौपट अ‍ॅसिटोनायट्राइल घालतो. सेंट्रिफ्यूजनंतरचं तेच वरचं द्रावण सरळ हिलिकवर घातलं आणि पीक एकसंध झालं. त्याच द्रावणाचा दुसरा भाग सुकवून, पाण्यात थोडं मिथेनॉल घालून विरघळवला की तो सी-१८ साठी. एकाच तयारीतून दोन्ही रन निघतात.

एनएमपीचं पीक शेपूट सोडतं, कायमचा धनभार असलेल्या आयनाचं हे होणारच. प्रवाहातलं अमोनियम फॉर्मेट (एक क्षार) वाढवल्यावर शेपूट आखूड झालं.

इथेही एक जुळा भाऊ आहे: होमारिन. सूत्र ट्रायगोनेलिनचंच, समुद्री खाण्यातून येतं. हिलिकवर दोन्ही वेगळे दिसतात, पण त्याची जागा ओळखून ठेवायला हवी. होमारिनचं शुद्ध मानक एकदा तरी घालून पाहा.

२ एप्रिल

पद्धतीची पडताळणी पूर्ण. निकष आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एम१० मार्गदर्शिकेचे (२०२२): मोजलेलं मूल्य खऱ्याच्या १५ टक्क्यांच्या आत, सगळ्यात खालच्या पातळीला २० टक्के. एनएमपी खालच्या पातळीला काठावर होतं, म्हणून त्याची खालची मर्यादा वर सरकवली.

१० एप्रिल: पहिली फेरी

इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूब, जेल असलेल्या नकोत, लगेच बर्फात, सेंट्रिफ्यूज, छोट्या व्हायलमध्ये वाटून उणे ८० अंशांना. वाटताना प्रत्येकाच्या निदान तीन व्हायल करा. पुन्हा पाहायची वेळ येतेच आणि तेव्हा सगळा नमुना वितळवावा लागला तर हळहळ वाटते.

रक्त घेणाऱ्या ताईंनी एक सूचना केली आणि ती सोन्यासारखी निघाली. त्या म्हणाल्या, "शेवटचा कप कधी हे सुई टोचायच्या आधी विचारा. नंतर विचारलं की लोक घाईने काहीही सांगतात." वेळ आता त्याच विचारतात आणि ट्यूबच्या चिकटपट्टीवरच लिहितात. फॉर्ममधली वेळ आणि चिकटपट्टीवरची वेळ बऱ्याच जणांची जुळली नाही. आम्ही चिकटपट्टीवरची धरतो.

सोमवारी रक्त देणाऱ्यांबद्दल सावध राहा. सुट्टीच्या दिवशी अनेकांची कॉफीची वेळ आणि मात्रा बदलते. "नेहमीची" सवय मोजायची असेल तर सुट्टीनंतरचा पहिला दिवस टाळलेला बरा.

२८ एप्रिल: न जुळणारे नमुने

आकडे आले. बहुतेकांचं म्हणणं आणि रक्त एकाच दिशेला आहे. ज्यांचं जुळत नाही त्यांच्याकडूनच जास्त शिकायला मिळालं.

कॉफी-चहा न घेणाऱ्यांपैकी काहींत ट्रायगोनेलिन स्पष्ट. पॅराझँथिन नाही, एनएमपी नाही. पुन्हा फोन करून विचारलं. कुणी मेथीचे दाणे नियमित खातं, कुणाच्या जेवणात कडधान्यं भरपूर. मेथीतलं ट्रायगोनेलिन १८८५ पासून माहीत आहे, कडधान्यांतही ते असतं. म्हणून ट्रायगोनेलिन एकट्याने कॉफीची साक्ष देऊ शकत नाही. एनएमपी सोबत हवं.

चहावाल्यांत कॅफीन आणि पॅराझँथिन भरपूर, एनएमपी नाही. इथे चित्र स्वच्छ. पुढच्या वेळी चहाची स्वतःची खूण म्हणून ४-ओ-मिथाइलगॅलिक आम्ल घ्यायचं आहे, कारण चहा आणि कॉफी दोन्ही घेणाऱ्यांत कॅफीनचा कोणता वाटा कुणाचा हे आज सांगता येत नाही.

डीकॅफवाल्यांत ट्रायगोनेलिन आणि एनएमपी दोन्ही, कॅफीन अगदी कमी पण शून्य नाही. तेही बरोबर, डीकॅफच्या कपातही काही मिलिग्रॅम कॅफीन राहतंच.

एका रोज कॉफी घेणाऱ्या व्यक्तीत एनएमपी कमी आणि ट्रायगोनेलिन पुष्कळ. ती हलकी भाजलेली कॉफी घेते. गडद भाजणीत ट्रायगोनेलिन मोडतं आणि एनएमपी वाढतं, हलक्या भाजणीत उलट. म्हणून दोघांतलं कुठलंही एक घेऊन कप मोजू नका. मोलमध्ये (म्हणजे रेणूंच्या संख्येत) दोघांची बेरीज करणं जास्त न्याय्य, पण ती बेरीजही पूर्ण स्थिर नसते. ट्रायगोनेलिनमधून भाजताना निकोटिनिक आम्ल आणि इतर काही पदार्थही होतात.

६ मे: धूम्रपान

"धूम्रपान नाही" लिहिलेल्या काहींत पॅराझँथिनचं कॅफीनशी गुणोत्तर असामान्य वर आहे. शेवटचा कप बराच आधीचा असेल तरी ते वर जातं. ८ ते १० तासांनंतर रक्तात पॅराझँथिन कॅफीनपेक्षा जास्त होणं हा नेहमीचाच क्रम. पण वेळ लक्षात घेऊनही हे आकडे बसत नाहीत. धूर असेल, किंवा जात्याच विकर वेगवान असेल.

कोटिनिन मोजलं तर उत्तर मिळेल. निकोटिनचा हा अवशेष रक्तात कॅफीनपेक्षा खूप जास्त वेळ टिकतो आणि त्याच रनमध्ये बसतोही. पण सहभागींनी संमती दिली ती कॉफीच्या मोजणीला. जे त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं ते त्यांच्याच रक्तातून त्यांच्या नकळत काढणं मला मान्य नाही. नैतिकता समितीकडे दुरुस्ती पाठवली, सहभागींना नवीन संमतीपत्र. तोवर कोटिनिनचा चॅनल बंद. यात काही आठवडे जातील. ज्यांना अशी मोजणी करायची आहे त्यांनी कोटिनिन पहिल्याच संमतीपत्रात लिहावं.

त्याच दुरुस्तीत क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा पदार्थ) टाकलं. ट्रायगोनेलिन मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद चालत असतील तर तेवढ्याच कॉफीला आकडा मोठा येणार.

२० मे: सांख्यिकी

सांख्यिकी पाहणाऱ्या सहकाऱ्यांसोबत बसले. त्यांनी आधीच सांगितलं, "कप परत काढू नका." म्हणजे रक्तातल्या आकड्यावरून "दिवसाला ३.२ कप" असं लिहू नका. इतकी नेमकी साखळी मध्ये नाहीच. माणसं क्रमाने लावा, गटात बसवा.

मात्रा वाढवली की रक्तात काय बदलतं हे नीट पाहायचं तर मात्रा ठरवून द्यावी लागते. फिनलंडमधल्या ४७ नियमित कॉफी पिणाऱ्यांवर तशी चाचणी झाली होती: पहिला महिना कॉफी बंद, दुसऱ्यात दिवसाला ४ कप, तिसऱ्यात ८. त्यांच्या रक्तातल्या शेकडो पदार्थांचं विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं आणि कॉफीशी जोडलेले ११५ पदार्थ त्यात निघाले. आमची माणसं आपापल्या घरी आपापली कॉफी पितात, त्यामुळे तेवढा दावा आम्ही करणार नाही.

ठरलेल्या गोष्टी. सगळी मूल्यं लॉगमध्ये, कारण वितरण एका बाजूला लांब ओढलेलं आहे. मोजणीच्या मर्यादेखालच्या मूल्यांना एकच ठोकळ आकडा द्यायचा नाही. न पिणाऱ्यांचा अख्खा गट तिथेच आहे आणि तो एका रेषेवर येऊन बसतो, म्हणून मर्यादा धरून चालणारी पद्धत वापरायची. शेवटच्या कपापासूनचे तास हे प्रत्येक समीकरणात.

हे तास घातल्यावर कॅफीनच्या आकड्यांचा विखुरलेपणा बराच कमी झाला, पॅराझँथिनचा त्याहून जास्त. ट्रायगोनेलिन आणि एनएमपीच्या बेरजेत फरक पडला पण तुलनेने कमी. धूम्रपान करणाऱ्यांत सगळ्यात विश्वासाची हीच बेरीज ठरते आहे, कारण तिचा सीवायपी१ए२ शी संबंध नाही. कॅफीन आणि पॅराझँथिन आम्ही "ताजेपणा" सांगणारे म्हणून ठेवले आहेत. बेरीज चांगली आणि पॅराझँथिन कमी, तर रोजचा पिणारा पण कालपासून न प्यायलेला, किंवा डीकॅफवाला. बेरीज नगण्य आणि पॅराझँथिन जास्त, तर कॅफीन दुसरीकडून.

९ जून: दुसरी फेरी

समितीची परवानगी आली, बहुतेकांनी नव्या संमतीपत्रावर सही केली. ज्यांनी नाही केली त्यांचं कोटिनिन मोजायचं नाही. त्यांच्या ट्यूबवर हिरवी पट्टी आहे आणि यंत्राच्या यादीत त्यांची वेगळी पद्धत लावली आहे, म्हणजे चॅनल चुकूनही उघडत नाही.

दुसऱ्या फेरीचे नमुने पहिल्या फेरीच्या शेजारी, एकाच बॅचमध्ये चालवतो आहोत: एका व्यक्तीचे दोन्ही नमुने लागोपाठ, व्यक्तींचा क्रम यादृच्छिक. पहिली फेरी एका महिन्यात आणि दुसरी दुसऱ्या महिन्यात चालवली असती तर माणूस बदलला की कॉलम, हे सांगता आलं नसतं. त्यासाठी पहिल्या फेरीची राखलेली व्हायल वितळवावी लागली. १० एप्रिलला तीन व्हायल करा म्हटलं ते यासाठीच.

आतापर्यंत चाललेल्या जोड्यांत बेरजेचे दोन आकडे एकमेकांच्या जवळ आहेत, कॅफीनचे बऱ्याच जणांत लांब. सगळ्यात लांब असलेल्या जोडीच्या चिकटपट्ट्या पाहिल्या: एकीवर रात्री १०, दुसरीवर दुपारी १.

उरलेल्या जोड्या या आठवड्यात चालतील. सी-१८ कॉलमवर पॅराझँथिन आणि थिओफिलिन पुन्हा जवळ सरकू लागलेत, त्यामुळे आधी नवा कॉलम, मग उद्याची बॅच.